लाल काचेमागचा बल्ब

मित्रांनो, मला कुणी नुसती 'बस' म्हटलं की माझं डोकं फिरतं. मी एक जुनी चिवा आहे. आमच्या भाषेत चिवा म्हणजे शेळी. शेळीसारखी कुठलाही चढ चढते, म्हणून माझ्या जातीच्या गाड्यांना हे नाव पडलं. मला दारं नाहीत, खिडक्या नाहीत. या कडेपासून त्या कडेपर्यंत लाकडी बाकं, मागे शिडी, टपावर केळ्यांचे घड, कॉफीची पोती, कोंबड्यांच्या टोपल्या आणि ज्यांना खाली जागा मिळाली नाही ती माणसं. कपाळावर मोठ्या अक्षरांत नाव रंगवलं आहे, 'ला कोन्सेन्तीदा'. म्हणजे लाडावलेली. नाव ठेवणाऱ्याने ठेवलं, लाड मात्र ज्याने त्याने आपल्या सोयीने केले.

माझा सांगाडा आणि पेट्रोलचं इंजिन बोटीतून आलं, पण अंग इथलंच. लेओनीदास नावाच्या सुताराने ते देवदाराच्या फळ्यांचं केलं. तो तोंडात खिळे धरून काम करायचा आणि तसाच बोलायचा, त्यामुळे तो काय म्हणतोय ते मला कधी नीट कळलं नाही. रंगाऱ्याने माझ्या पाठीवर समुद्र काढला. त्याने समुद्र कधी बघितला नव्हता. त्याच्या लाटा आमच्या डोंगरांसारख्या दिसतात आणि नावेला चाकं असावीत असं वाटतं. तरी आमच्या एल आलिसाल गावातल्या पुष्कळ मुलांनी पहिला समुद्र बघितला तो माझ्या पाठीवरच.

आधी मला एव्हेलिओचे वडील चालवत. त्यांचे गुडघे गेले तेव्हा त्यांच्या जागी एव्हेलिओ बसला. माणूस मनाने लोण्यासारखा, पण विसराळू. रविवारी मला नदीच्या पाण्याने धुवायचा आणि धुताना माझ्याशी बोलायचा. माझं उत्तर त्याला कधी ऐकू आलं नाही. यंत्राच्या जन्माला आलं की हे सोसावंच लागतं.

आता फाबिओलाबाईंविषयी सांगते, कारण ही गोष्ट खरं तर त्यांचीच आहे. बाई आमच्या गावात पहिल्यांदा आल्या त्या माझ्या पहिल्या बाकावर बसून. तेव्हा त्या तरुण होत्या. मांडीवर पेटी, पेटीत पुस्तकं. गावात उतरल्या आणि शाळेत शिरल्या, त्या म्हाताऱ्या होईपर्यंत बाहेर पडल्याच नाहीत म्हणा ना. अख्ख्या गावाने त्यांच्या हातचा मार खाल्ला आहे. अक्षर वाईट असलं तर त्या सोडून देत, पाढे चुकले तरी एकदा सोडून देत. एका गोष्टीला मात्र माफी नव्हती. घेतलेली वस्तू जिथून घेतली तिथे परत गेली पाहिजे. खडू असो, नकाशा असो, दुसऱ्याची पेन्सिल असो. आमच्या गावात रात्री झिंगलेले लोकसुद्धा बिलियर्डची काठी भिंतीवरच्या खोबणीत परत लावून मगच घरी जातात. परगावचे हसतात. हसोत बापडे.

एव्हेलिओ त्यांचाच विद्यार्थी. मिशा पांढऱ्या झाल्या तरी बाई माझ्यात बसल्या की तो पाठ ताठ करून बसायचा.

मित्रांनो, आमच्याकडे जुलैत कार्मेनमातेचा सण असतो. ती आम्हा गाड्यांची आणि आमच्या ड्रायव्हरांची देवी. त्या दिवशी खोऱ्यातली प्रत्येक गाडी फुलांनी, फुग्यांनी सजते, पाद्री पवित्र पाणी शिंपडतो आणि सगळ्या जणी भोंगे वाजवत मिरवणुकीने निघतो. माझ्या डॅशबोर्डवर मातेचा छोटा देव्हारा आहे. त्यात तिची वीतभर मूर्ती आणि मूर्तीच्या डोक्यावर, देव्हाऱ्याच्या छताला, एक इवलासा बल्ब.

एका वर्षी मिरवणूक निघायच्या तोंडावर तो बल्ब गेला. एव्हेलिओचं तोंड असं उतरलं की काय सांगू. मातेचाच सण आणि माताच अंधारात. दुकानं बंद. मग त्याने डॅशबोर्डच्या मागे हात घातला आणि माझ्या लाल दिव्याचा बल्ब ओढून काढला. तो बॅटरीच्या चार्जिंगचा दिवा. दोन्ही बल्ब एकाच मापाचे होते. मातेच्या डोक्यावर उजेड पडला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या लाल काचेमागे आता काहीच नव्हतं, पण काच जागच्या जागी होती, त्यामुळे बाहेरून कुणाला काही कळलं नसतं. पहिल्या बाकावर बाई बसल्या होत्या. त्यांनी सगळं बघितलं होतं.

"चांगल्या कामाला घेतलास," त्या म्हणाल्या. "पण एव्हेलिओ, जिथून घेतलास तिथे परत ठेवायचा."

"ठेवतो, बाई. सोमवारी मातेला नवा आणतो आणि हा परत लावतो."

सोमवार आला आणि गेला. पुढे कितीतरी सोमवार आले आणि गेले. बल्ब मातेपाशीच राहिला, कारण माझं काहीच अडत नव्हतं. बाईही मग ते विसरल्या असाव्यात.

अडत का नव्हतं, ते नीट ऐका, कारण सगळी मेख इथेच आहे. माझ्या इंजिनाशेजारी अल्टरनेटर असतो. इंजिन फिरलं की पट्ट्याने तोही फिरतो, वीज तयार करतो आणि बॅटरी भरत राहतो. पण नुसतं फिरवून तो जागा होत नाही. आधी बॅटरीतून थोडीशी वीज त्याच्याकडे जावी लागते, म्हणजे त्याला हाक मारावी लागते. ती वीज जाते त्या लाल दिव्याच्या बल्बमधून. चावी फिरवली की दिवा लाल पेटतो, म्हणजे हाक गेली. इंजिन चालू झालं की दिवा विझतो, म्हणजे अल्टरनेटर उठून कामाला लागला. बल्बच नसेल तर हाक जाणार कुठून? पण माझा जुना अल्टरनेटर वर्षानुवर्षं त्याच कामावर होता. सवयीने त्याच्या अंगात थोडं चुंबकत्व मुरलेलं होतं. हाक न मारताच तो आपला उठायचा. घरातलं म्हातारं माणूस पहाटे कुणी न उठवता उठतं ना, तसा.

पुढे बाईंच्या किडन्या गेल्या. मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी त्यांना शहरातल्या इस्पितळात डायलिसिसला जावं लागायचं. मी त्यांना पहाटे खाली पेन्याल्ताच्या चौकापर्यंत न्यायची, तिथून इस्पितळाची गाडी पुढे न्यायची. ती गाडी कुणासाठी थांबत नसे. आमच्याकडे दुसरी चारचाकी म्हणजे दुधाची जीप, तीही पलीकडच्या खोऱ्यात जाणारी. म्हणजे बाईंचा जीव माझ्या चार चाकांवर होता, आणि ते मला माहीत होतं.

एव्हेलिओ त्या दिवसांत मला इतकं जपून चालवायचा की मलाच लाजल्यासारखं व्हायचं. बाईंची हाडं दुखतात म्हणून खड्डा टाळायचा, इंजिनाला जराही जोर लावायचा नाही. बाई पोंचोच्या लोकरी पांघरुणात गुंडाळून बसायच्या, मांडीवर गुळाच्या गरम पाण्याची बाटली. इतक्या आजारातही त्यांचा दरारा कमी झाला नव्हता. "वळण आलं की भोंगा वाजवायचा, एव्हेलिओ. मी सांगायची वाट बघू नकोस."

मग माझा जुना अल्टरनेटर संपला. आधी त्याच्या बेअरिंगने कर्कश आवाज केला, मग धूर काढला. पेन्याल्ताचा मेकॅनिक हिल्दार्दो कामाचा पक्का आणि एव्हेलिओचा लहानपणचा वर्गमित्र. त्याने नवा कोरा अल्टरनेटर बसवला, पट्टा ताणला, तारा जोडल्या. दोघांनी माझ्या बॉनेटवर अरेपा, म्हणजे मक्याच्या जाड भाकऱ्या, ठेवून खाल्ल्या आणि एकमेकांची पाठ थोपटली.

नवा पोरगा शिस्तीचा होता. हाक मारल्याशिवाय उठणारा नव्हता. आणि हाक मारणारा बल्ब देव्हाऱ्यात कार्मेनमातेच्या डोक्यावर होता.

पहिल्याच दिवशी घाटात माझे दिवे पिवळे पडले. दुसऱ्या दिवशी भोंग्याचा आवाज बसला. एव्हेलिओने मला हिल्दार्दोकडे नेलं. हिल्दार्दोने मीटर लावलं आणि सवयीने जोरदार रेस दिली. इतका जोर दिल्यावर नवा अल्टरनेटर दचकून उठला आणि वीज देऊ लागला. मीटरचा काटा अगदी हवा तिथे.

"गाडी चालताना लाल दिवा लागतो का रे?" हिल्दार्दोने विचारलं.

"नाही बुवा," एव्हेलिओ म्हणाला. "कधीच नाही लागत."

"मग चार्जिंगला काही झालेलं नाही. बॅटरी गेली असणार."

मित्रांनो, त्या क्षणी मी काय करू शकले असते? ती काच तुमच्या नाकासमोर आहे, बाबांनो, चावी फिरवा आणि बघा, दिवा मुळात पेटतच नाही. गाडी बंद असताना चावी फिरवली की तो पेटला पाहिजे. पेटत नाही हीच तर बोंब आहे. मी भोंगा वाजवावा तर भोंगा एव्हेलिओच्या हाताखाली. मी हलावं तर ब्रेक त्याच्या पायाखाली. मी आपली उभी राहिले, आणि त्यांनी माझी चांगली बॅटरी काढून नवी घातली.

नवी बॅटरीही घाटात झोपली. मग पट्टा बदलला. मग अर्थिंगची तार घासून चकचकीत केली. मग अल्टरनेटर परत काढून दुकानातल्या बाकावर तपासला, तिथे तो उत्तम चालला, तरी बदलून दुसरा आणला. तोही पहिल्याचाच भाऊ. एव्हेलिओ चिडला. हिल्दार्दोला म्हणाला, तू माझ्या गाडीवर हात शिकतोयस का. हिल्दार्दो म्हणाला, म्हातारीला भंगारात घाल आणि मला मोकळं कर. एवढ्या वर्षांची मैत्री, पण दोघे काही दिवस एकमेकांच्या तोंडाकडे बघत नव्हते. गावात तर ज्याला त्याला मेकॅनिकी सुचली. कुणी म्हणालं बॅटरीची टोकं शीतपेयाने धुवा, कुणी म्हणालं नजर लागली. पाद्रीबाबांनी येऊन बॉनेट उघडायला लावलं आणि अल्टरनेटरवरच पवित्र पाणी शिंपडलं. ओल्याने दोन फ्यूज उडाले.

एव्हेलिओ रोज रात्री बॅटरी काढून घरी चार्जरवर लावायचा आणि पहाटे परत बसवायचा. त्यामुळे पहाटे मी झोकात सुरू व्हायची आणि त्याला रोज नव्याने वाटायचं, आज जमलं. जमायचं काही नाही. मी भरलेली बॅटरी पीत पीत उतरायची. कधी पोहोचायची, कधी नाही. जड माल आणि दिवे असले की नाहीच.

तो गुरुवार धुक्याचा होता. हात पुढे केला तर बोटं दिसत नव्हती. एव्हेलिओला सगळे दिवे लावावे लागले. बाई पहिल्या बाकावर, मागे बाजाराला निघालेली माणसं. अर्ध्या घाटात दिवे पिवळे झाले, मग तांबूस झाले, इंजिनाने उचक्या दिल्या आणि मी थांबले. पेट्रोलच्या इंजिनाला ठिणगी लागते आणि ठिणगीला वीज. धुक्यात दिव्यांशिवाय मला उतारावर सोडणं म्हणजे दरीत जाणं, आणि धक्का मारून काही होणार नव्हतं. तरी पुरुष उतरले आणि त्यांनी मारला. बिचारे.

सगळं विझलं होतं, फक्त देव्हाऱ्यातला तो बल्ब तेवढा धुगधुगत होता. त्याला लागते किती वीज! बॅटरीच्या तळाशी उरलेल्या थेंबावर तो जगत होता. माणसं परत येऊन बाकांवर बसली. कुणीतरी जपमाळ काढली आणि सगळ्यांनी प्रार्थना सुरू केली. कार्मेनमाते, गाडी चालू कर. कार्मेनमाते, बाईंना पोहोचव. सगळ्यांचे डोळे त्या उजेडावर. एव्हेलिओचेसुद्धा. जे हवं होतं ते त्यांच्या डोळ्यांसमोर पेटलेलं होतं, आणि त्याच्याकडेच बघत सगळे ते मागत होते. तेव्हा मला जे वाटलं ते शत्रूच्या गाडीलाही वाटू नये.

बाई प्रार्थना करत नव्हत्या. त्यांना धाप लागली होती. त्या एव्हेलिओचा हात थोपटत म्हणाल्या, "इतका घाबरू नकोस. गाडी आहे, माणूस नाही. तिलाही बरं नसेल." माझी बाजू घेणारं त्या धुक्यात एवढं एकच माणूस होतं.

त्या दिवशी इस्पितळाची गाडी निघून गेली. शनिवारी परत तेच झालं. रविवारी बाईंचे पाय सुजले, चेहरा सुजला, झोपता येईना. सोमवारी माणसांनी एका खुर्चीला बांबू बांधले आणि खांदे बदलत बदलत त्यांना पायवाटेने खाली नेलं. मी शाळेसमोर उभी होते. एव्हेलिओ खुर्चीचा पुढचा बांबू धरून माझ्या समोरून गेला आणि त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. बाईंनी मात्र माझ्या लाकडावरून जाता जाता हात फिरवला. त्यांची बोटं गार होती.

आठवड्याच्या आत इस्पितळातून निरोप आला, बाई गेल्या. उशीर झाला होता.

बाईंना घरी आणायला मीच गेले. गावाने ठरवलं, त्या पहिल्यांदा आल्या माझ्यातून, तर शेवटच्याही येतील माझ्यातूनच. बंद पडली तर ढकलत आणू. एव्हेलिओने रात्रभर बॅटरी भरली, दिवसा निघाला, दिवे लावले नाहीत, आणि मी कशीबशी पेन्याल्ताला पोहोचले. हिल्दार्दो चौकात उभा होता. त्याने आणि एव्हेलिओने एकमेकांशी न बोलता शवपेटी उचलून माझ्या मधल्या बाकांवर आडवी बांधली.

आमच्याकडे ड्रायव्हर आपल्या माणसाला शेवटचं नेतो तेव्हा देव्हाऱ्यातली मूर्ती काढून पेटीवर ठेवतो, म्हणजे माता त्या माणसाची सोबत करते. एव्हेलिओने कार्मेनमातेला उचललं आणि बाईंच्या उशाशी ठेवलं. मग तो परत पुढे येऊन बसला. देव्हारा रिकामा होता आणि रिकाम्या देव्हाऱ्यात बल्ब जळत होता. ते त्याला बघवलं नाही. त्याने बल्ब ओढून काढला आणि बोटांत धरून फिरवला. त्याने त्याच्याकडे असं बघितलं, जणू याला आधी कुठेतरी बघितलंय.

मग त्याचा हात डॅशबोर्डच्या मागे गेला. लाल काचेमागच्या जागेत त्याने तो बल्ब दाबून बसवला. त्याला चार्जिंग आठवलं नव्हतं, अल्टरनेटर आठवला नव्हता. त्याला फक्त बाई आठवल्या होत्या.

त्याने चावी फिरवली. काच लाल पेटली.

एव्हेलिओ तिच्याकडे बघतच राहिला. बाजूला उभा असलेला हिल्दार्दो वाकला, आणि मग त्याने डोक्यावरची टोपी काढली. "हा दिवा इतके दिवस कुठे होता?" त्याने हळूच विचारलं. एव्हेलिओने देव्हाऱ्याकडे बोट केलं. हिल्दार्दोने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

एव्हेलिओने सेल मारला. मी सुरू झाले. काच विझली. नवा अल्टरनेटर पहिल्याच हाकेला उठला आणि सरसरून वीज देऊ लागला.

वर जाताना परत धुकं दाटलं. एव्हेलिओने एकेक करून माझे सगळे दिवे लावले. ते पांढरे स्वच्छ पडले आणि विझले नाहीत. प्रत्येक वळणावर त्याने भोंगा वाजवला, कुणी सांगायची वाट न बघता. त्याचा आवाज अख्ख्या खोऱ्यात गेला. इतक्या महिन्यांत मी इतकी छान चालले नव्हते. मी घाटात कुठेही बंद पडले नाही, आणि पडले असते तर बरं झालं असतं असं मला वाटत राहिलं. एव्हेलिओ मोठ्याने रडत होता. वरच्या वळणावर तो मागे न बघता म्हणाला, "बाई, ठेवला हो परत. जिथून घेतला होता, तिथेच ठेवला."

आणि त्याने पुढच्या वळणाचा भोंगा वाजवला.

आता कार्मेनमातेला तिचा स्वतःचा बल्ब आहे. तो एव्हेलिओने दुसऱ्याच दिवशी आणला. मी रोज घाट उतरते, वेळेवर पोहोचते आणि चौकात उभी राहून ती इस्पितळाची गाडी निघताना बघते. पहिल्या बाकाच्या कडेची जागा लोक अजून शेवटी भरतात. एव्हेलिओ पहाटे चावी फिरवतो, पण सेल लगेच मारत नाही. लाल काच पेटते आणि तो तिच्याकडे थोडा वेळ बघत बसतो.

मित्रांनो, आमच्यातलं काही काढावं लागलं तर खुशाल काढा. चांगल्या कामाला काढलंत तर आम्हालाही बरंच वाटेल. फक्त परत ठेवायचं तेवढं तुम्ही लक्षात ठेवा. आम्हाला आठवण करून देता येत नाही.